आठ शाली आणि एक तुडूम

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. पहिली, बाजार ओळीच्या आगीवर लिहायचं. दुसरी, आगीपेक्षा त्यानंतरच्या एकोप्यावर जास्त लिहायचं.

"लांजेवारभाऊ, आगी तं सगळीकडे लागतात," ते म्हणाले, "पण आपल्या शहरासारखा एकोपा कुठी पाहिला का तुम्ही?"

"पाहिला."

"कुठी?"

"पाच किलोमीटरवर."

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग शब्दमर्यादा सांगून त्यांनी फोन ठेवला. आता मी लिहितो आहे, आणि त्यांनी यातलं किती ठेवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

मी नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात एकतीस वर्षं काढली. आधी फायरमन, मग गाडीचा चालक आणि पंप चालवणारा. आमच्याकडे माणसं कमी, म्हणून एकाच माणसाला दोन्ही कामं. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. लोक मला अजून 'बंबवाले' म्हणतात आणि रस्त्यात भेटले की विचारतात, किती आगी विझवल्या? खरं सांगायचं तर माझ्या नोकरीतला निम्मा काळ विहिरीत पडलेल्या गाई काढण्यात, लग्नाच्या मांडवाला पाणी पुरवण्यात आणि पुढाऱ्यांच्या रस्त्यावर पाणी शिंपडण्यात गेला. एका बाईनं तर घरात नाग निघाला म्हणून बोलावलं होतं. गेलो तर नाग नव्हता, धामण होती, आणि घरातल्या सगळ्यांनी चहा झाल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. उरलेल्या आगी बहुतेक धानाच्या पुंजण्यांच्या. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचा रचलेला ढीग. तो पेटला की आम्ही पोचेपर्यंत राखच उरलेली असते. आम्ही ती भिजवतो आणि परत येतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. गाडीत पाणी असतं साडेचार हजार लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. दोन पाइप पूर्ण दाबानं सोडले की पाच-सहा मिनिटांत संपतं. त्यानंतर लाल रंगाची ती गाडी नुसती घंटा वाजवण्याच्या कामाची. त्यामुळे आग विझवणं हे आमचं मूळ कामच नाही. आमचं मूळ काम पाणी शोधणं. कुठे पाणी आहे, गाडी तिथवर जाते का, आणि गाडीपासून पाणी किती खाली आहे, हे ज्याला गावाच्या चारी दिशांचं पाठ आहे तो खरा फायरमन. बाकी पाइप धरून फोटो कुणीही काढतं, आणि आमच्या शहरात तर काढलेच.

पहिला नियम असा की गाडी उभी करण्याआधी भरायची. जेवण नंतर, झोप नंतर. तो नियम मी एकतीस वर्षांत एकदाच मोडला.

दिवाळी होऊन मंडईचे दिवस सुरू होते. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, होते, नाटक होतं, पोरीबाळी माहेरी असतात. एका नगरसेवकाच्या सासरच्या गावची मंडई होती आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून आमची गाडी तिथे पाणी शिंपडायला गेली होती. मीच घेऊन गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा टाकीत जेमतेम चौथाई पाणी. आमच्या ठाण्यातली बोअरची मोटर जळलेली होती. सकाळी बघू म्हणून मी घरी गेलो, आणि सकाळी मोटर दुरुस्त करणारा मिस्त्रीही मंडईला गेला होता.

दुपारी दोनच्या सुमाराला बाजार ओळीत एका प्लास्टिकच्या गोदामातून धूर निघाला. बाजार ओळ म्हणजे लाकडी खांबांची, टिनाच्या छताची पस्तीस-चाळीस दुकानं, एकाची भिंत दुसऱ्याला टेकलेली. वरून प्रत्येकानं पुढे ताडपत्री ओढलेली. अशा ओळीत एक दुकान पेटलं की मधली दोन सोडून द्यायची असतात आणि तिसऱ्यापाशी उभं राहून आग अडवायची असते. कोणती दोन सोडायची हे ठरवणाऱ्या माणसाला नंतर कुणी चहा पाजत नाही.

मी पोचलो आणि दीड-दोन मिनिटांत माझं पाणी संपलं. बाजारात जमिनीखाली पाण्याचे नळ होते, खास आगीसाठी, लोखंडी झाकणांचे. पण ओळीत तीनदा सिमेंटचा रस्ता झाला होता आणि प्रत्येक वेळी झाकणं एक थर खाली गेली होती. उद्घाटनाच्या पाट्या मात्र तिन्ही वर होत्या. शहरातल्या तळ्याचं सौंदर्यीकरण झालेलं. भोवती जाळी, फाटकाला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार गावाला. नाल्याला पाणी होतं, पण काठ खोल आणि गाडी उतरत नाही. तिथं लागतात सुटे पंप. पालिकेकडे असे दोन मोठे पंप आहेत, पुराचं पाणी उपसायला घेतलेले. ते स्टोअरमध्ये होते आणि स्टोअरकीपर रजेवर होता.

लोक ओरडत होते, शिव्या देत होते, ते मी समजू शकतो. पण प्रत्येक जण पाइप आपल्या दुकानाकडे ओढत होता, हे मी अजून समजू शकलेलो नाही. आमच्या ओळीतले एक कापडवाले शेठ आहेत. शेजारच्या तालुक्याची गाडी पाणी घेऊन आली, पाइप अंथरला गेला आणि पाणी मध्येच थांबलं. बघतो तर शेठनी आपली कार वाचवायला मागे घेताना पाइपवर चाक चढवलं होतं आणि ते कार सोडून दुकानातले गठ्ठे मोजत होते. मी त्यांना काय म्हणालो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. हेच शेठ पुढे एकोपा समितीचे अध्यक्ष झाले.

अन्याय नको म्हणून सांगतो, चार माणसं त्या दिवशी माणसांसारखी वागली. त्यांतली एक चिवडा विकणारी म्हातारी. तिनं पाणी भरलेलं एकुलतं पिंप आपल्या दुकानावर न ओतता शेजारच्या गॅस सिलिंडरांवर ओतलं. तिचं दुकान गेलं. समितीच्या फोटोत ती कुठेही नाही.

मला त्या वेळी एकच पाणी आठवत होतं. पाच किलोमीटरवर एका गावाचा जुना मामा तलाव आहे, माजी मालगुजारी तलाव. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनीच मनाई केली आहे. तलावाच्या पारीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून रस्ता जातो आणि रस्त्याला लागून पाट. पण पावसाळा संपून पाणी उतरलेलं, पारीवरून माझा पाइप पोचणार नव्हता. पाटात पाणी सोडलं तरच गाड्या भरता येणार होत्या. आणि पाटात पाणी सोडायचं म्हणजे तुडूम उघडायचं.

तुडूम म्हणजे तलावाच्या आत बांधलेली दगडी पायऱ्यांची मोरी. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडाची जाड खुंटी. पाणी उतरत जाईल तशी खालची खुंटी काढायची. खुंटीच्या फटीत चिंध्या आणि माती कोंबतात, म्हणजे थेंब वाया जात नाही. हे तुडूम सांभाळणारा माणूस होता सोमाजी कापगते, हे नावही मी बदलून लिहितो आहे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, बारीक, कमरेला पंचा आणि खांद्यावर दुपट्टा. त्या गावात रीत अशी की तुडूम ज्याच्या हाती, त्याच्या शेताला पाणी सर्वांत शेवटी. म्हणजे त्याच्या मनात खोट असेल तर फटका त्यालाच. आमच्या नगरपालिकेत ही रीत आणली तर अर्धी पालिका राजीनामा देईल.

सोमाजी पारीवरच होता. मी सांगितलं, त्यानं शहराकडचा धूर बघितला.

"लांजेवार, हा भारी धानाचा शेवटचा पानी हाय," तो म्हणाला. "लोंब्या निघाल्या, आता दाना भराचा हाय. परवापासून पाळी लावून राहिलो. आन पानी आता खालच्या खुंटीवर हाय. ते एकडाव काढली का दाबानं बसत नाही. मले मालूम हाय."

"किती वेळ लागंल बसवाले?"

"तलाव रिता होतपर्यंत."

भारी धान म्हणजे उशिरा पिकणारा, त्याचं सगळं या शेवटच्या पाण्यावर. तरी मी त्याच्यापुढे हात जोडले. आणि मग ते वाक्य बोललो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. मी म्हणालो, "सोमाजीदादा, आमच्यापाशी दोन मोठे पंप हायेत. नाल्यावर बसवतो, तुमच्या पाटात पानी उचलून देतो. तीन दिवसात. हा माझा शब्द, आन शहराचा शब्द."

"शहराचा राहू दे," तो म्हणाला. "तुझा हाय का?"

"माझा हाय."

तरी तो एकटा खुंटी काढू शकत नव्हता. पाणी गावाचं. पाच शेतकऱ्यांनी पारीवर येऊन 'सोड' म्हटल्याशिवाय पाळीबाहेर तुडूम उघडत नाही. आणि त्या दिवशी त्याही गावची मंडई. सगळं गाव दंडारीसमोर बसलेलं. सोमाजीचा निरोप गेला, माइकवरची दंडार थांबली आणि दहा मिनिटांत पाचाच्या जागी पंचवीस माणसं पारीवर आली. सर्वांत पुढे दंडारीत बाई झालेला एक शेतकरी, लुगडं नेसलेला, गालाला लाली, डोक्यावर अंबाडा. त्याचं शेत अगदी पाटाच्या टोकाला, त्यामुळे त्याचं मत महत्त्वाचं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

कुणी विचारलं नाही की आग कुणाच्या दुकानाला लागली. कुणी विचारलं नाही की शहरानं आमच्यासाठी काय केलं. विचारण्यासारखं पुष्कळ होतं, कारण याच बाजार ओळीत त्यांच्या धानात काटा मारला जातो. लुगडंवाल्यानं एवढंच विचारलं, "मानसं हायेत का आत?"

"आता नाहीत. पन मागे वस्ती हाय. वारा तिकडेच हाय."

त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोड गा, सोमाजी."

सोमाजी पाण्यात उतरला, बुडी मारली आणि खुंटी काढली. पाटात पाणी आलं. शेताकडे जाणारी तोंडं गावकऱ्यांनी मातीनं बंद केली, म्हणजे पाणी रस्त्याजवळ तुंबून राहील. आम्ही गाड्या भरू लागलो. त्यांच्यातल्या सहा जणांनी आपले टँकर जोडलेले ट्रॅक्टर आणले, बादल्यांनी भरले. दिवस बुडेपर्यंत त्या रस्त्यावर खेपा चालू होत्या. तेवीस दुकानं गेली. मागची वस्ती वाचली, तीनशेच्या वर घरं. ती आमच्या शहराच्या शौर्यानं वाचली नाहीत, भारी धानाच्या शेवटच्या पाण्यानं वाचली.

शेवटची खेप भरून मी वळलो तेव्हा सोमाजी छातीभर पाण्यात उभा राहून खुंटी बसवत होता. दाबानं ती बाहेर फेकली जात होती. दोघं जण वरून लाकडी मोगरीनं ठोकत होते. ठोकता ठोकता भोकाच्या दगडाची कड फुटली. सोमाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून फटीत कोंबला, तो पाण्यानं ओढून नेला. रात्री तुंबलेल्या पाटाचा काठ फुटून पाणी नाल्यात गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तलाव तुडुमाच्या खाली गेला होता.

आता एकोप्याकडे येतो, संपादकांनी सांगितलंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळलेल्या ओळीत इतके पोहे वाटले गेले की कावळ्यांनाही जड झाले. एकमेकांवर दावे असलेले दुकानदार गळ्यात गळे घालून रडले. काही खरंच रडले असतील, मी नाही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी समिती झाली. चौथ्या दिवशी ठरलं की एकोपा सोहळा घ्यायचा, मोठे पाहुणे येणार, त्याआधी ओळीची काजळी धुऊन काढायची. त्यासाठी तीन दिवस कुलूपबंद असलेलं स्टोअर उघडलं. दोन्ही पंप निघाले आणि रस्ता धुवायला लागले.

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे त्या वेळचे आमचे वरिष्ठ. म्हणालो, पंप नाल्यावर पाहिजेत, गावाला शब्द दिला आहे.

"कुणी दिला?"

"मी."

"तुम्ही कोण शब्द देणारे? चालक ना तुम्ही?"

"होय साहेब."

"मग सोहळा होऊ द्या. मग पाहू. लेखी द्या तुम्ही."

मी लेखी दिलं. सहाव्या दिवशी परत विचारलं तर अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला होता. धानाला टेबल समजत नाही. सातव्या दिवशी पहाटे मी आणि माझे दोन सहकारी पंप गाडीवर टाकून सरळ नाल्यावर गेलो. दीड दिवस चालवले. वरच्या शेतांपर्यंत पाणी पोचलं. मग साहेबांचा माणूस पोलिसासह आला आणि पंप परत घेऊन गेला, कारण व्यासपीठासमोर कारंजं उडवायचं होतं. कारंजं मी पाहिलं. चांगलं उडत होतं, मध्ये हिरवा दिवा होता.

खालची शेतं गेली. लोंब्या उभ्या, पण आत दाणा नाही, सगळं पोचट. लुगडंवाल्याचं शेत त्यांत होतं. आणि रीतीप्रमाणे सर्वांत शेवटी ज्याला पाणी मिळायचं त्या सोमाजीचं अख्खं. त्यानं धान कापलासुद्धा नाही, बैलं सोडली शेतात.

त्याच आठवड्यात एका शिपायानं मला दोन पाकिटं आणून दिली. एकात विनापरवाना पंप नेल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. दुसऱ्यात एकोपा सोहळ्यात सत्काराचं निमंत्रण. दोन्हीवर सही एकाच हाताची. मी दोन्ही स्वीकारली, हे लिहायला मला लाज वाटते.

सोहळ्यात शेठ वीस मिनिटं बोलले. म्हणाले, या शहराचा माणूस त्या दिवशी स्वतःला विसरला. पहिल्या रांगेच्या शेजारीच त्यांची कार उभी होती, चाकाला काही झालेलं नव्हतं. मग मला शाल घातली आणि माइक दिला. मी रात्रभर घोकून गेलो होतो की त्या गावाचं नाव घ्यायचं, सोमाजीचं नाव घ्यायचं, पंपाचं सांगायचं. समोर साहेब बसले होते, खिशात नोटीस होती, निवृत्तीला चार वर्षं होती. मी म्हणालो, "सर्वांच्या सहकार्यामुळे हे शक्य झालं." टाळ्या पडल्या. खाली उतरलो तेव्हा मला शेठपेक्षा स्वतःचाच जास्त तिटकारा आला. शेठनी पाइपवर चाक घातलं, मी शब्दावर.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला सोहळा होतो. गाडीला झेंडूचे हार, पोरांची भाषणं, एकोप्याची शपथ. दरवर्षी मला एक शाल मिळते. बाजार ओळ नव्यानं बांधली, भिंतीला भिंत, पुढे ताडपत्री. आगीसाठी नळ बसवले, आणि मागच्या वर्षी त्यांच्यावरून नवा रस्ता गेला. मी सांगायला गेलो तर एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, तुमची निवृत्ती झाली न आता? आराम करा." मी आराम करतो आहे.

त्या गावाकडे मात्र मी सात वर्षं गेलो नाही. त्या बाजूला नातलगाकडे जायचं असलं तरी लांबच्या रस्त्यानं जायचो. बायको विचारायची, "हा फेरा कायले घेता?" मी म्हणायचो, रस्ता चांगला आहे. नव्हता.

गेल्या वर्षी सोहळ्यातून निघालो, खांद्यावर आठवी शाल, आणि काय झालं कुणास ठाऊक, स्कूटर सरळ तलावाकडे वळवली. सोमाजी पारीवर बसला होता. म्हातारा झालेला. बाजूला चिखलाचा गोळा. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे.

मी खाली बसलो. म्हणालो, "दादा, मी शब्द पाळला नाही."

"मालूम हाय." त्यानं चिखलाचा गोळा मळायला घेतला. मग म्हणाला, "दीड दिवस चालवले तुवा पंप. तेही मालूम हाय."

"मी तुमचं नाव नाही घेतलं तिथं. एकडावही नाही."

"चांगलं केलं. नाव घेतलं असतं त हे लोक शाल घिऊन इथी आले असते. आखीनही घेऊ नको."

तुडुमाकडून पाण्याचा आवाज येत होता. फुटलेली कड तशीच होती. दुरुस्तीची पत्रं या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत होती, आणि दरवर्षी त्या फटीतून गावाचं पाणी गळत होतं. सोमाजी दर आठ दिवसांनी चिंध्या कोंबायचा, त्या सडून वाहून जायच्या.

त्यानं माझ्या खांद्याकडे पाहिलं. "हे काय हाय?"

"शाल. एकोप्याची."

"आन इकडे." त्यानं ती चिमटीत धरली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली, कडेची जर नखानं खरवडली. मग तो पायऱ्या उतरून पाण्यात गेला. शाल पिळून तिची दोरी केली, फटीत कोंबली, वर माती थापली आणि मोगरीचे चार ठोके दिले. पाण्याचा आवाज बंद झाला.

"पक्की हाय," तो वर येत म्हणाला. "आखीन कितीक हायेत?"

"घरी सात."

"घिऊन येजो."

दुसऱ्याच दिवशी नेऊन दिल्या. संपादकांनी विचारलंय की यंदा सोहळ्याला येणार का. येणार. वरच्या खुंटीलाही गळती लागली आहे.